पत्र्याचे कान

"वारा कुठनं आहे बघ," असं म्हणत दस्तगीर चाचांनी मूठभर माती वर उडवली.

माती पूर्वेला गेली. एप्रिलचा दुसरा रविवार होता. सकाळचे दहाच वाजले होते, तरी कागलच्या अलीकडच्या त्या माळावर उघड्यावर उभं राहवत नव्हतं.

"पश्चिमेचा," मी म्हणालो.

"म्हणजे त्या लांब पट्ट्यावर वारा तुझ्या पाठीत. तुला बरं वाटंल, इंजिन मरंल." हात झटकून ते माझ्या शर्यतीच्या मोटारसायकलपाशी उकिडवे बसले. "म्हणून तर कान पाहिजेत."

कान म्हणजे टाकीच्या दोन्ही अंगांना बसवलेले ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन कर्णे. पुढं रुंद तोंड, मागं निमुळते. समोरून येणारा वारा त्यांच्यात शिरायचा आणि थेट सिलिंडरच्या डोक्यावर जायचा. चाचांनी ते स्वतःच्या हातानं घडवले होते. त्यासाठी उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजात ते चार महिने खपत होते. टेबलफॅन लावायचे, गाडीसमोर उदबत्ती धरायचे आणि धूर कुठं जातो ते तासन् तास बघत बसायचे. धूर पुढच्या मडगार्डला आपटून दोन्हीकडं फाटायचा आणि इंजिनाला शिवायचाही नाही. मग त्यांनी इंजिनाला आणि टाकीला लोकरीचे बारीक धागे चिकटवले, मला रंकाळ्याकडच्या रस्त्यानं गाडी पळवायला लावली, आणि स्वतः स्कूटरवरून शेजारी येत धागे कसे फडफडतात ते पाहिलं. सिलिंडरजवळचे धागे मेल्यासारखे लोंबत होते. कान बसवल्यावर तेच धागे ताठ मागं गेले. चाचांनी भर रस्त्यात स्कूटरचा हॉर्न वाजवत आरोळी ठोकली होती.

"रस्त्यावरची गाडी पळते म्हणून तिला वारा लागतो," ते मला समजवायचे. "तुमच्या ह्या मातीच्या शर्यतीत इंजिन ओरडतंय ऐंशीच्या वेगानं आणि गाडी चाललीय सायकलच्या वेगानं. वर चिखल. तो सिलिंडरच्या पाकळ्यांत बसतो, वाळतो, मग इंजिनाला घोंगडं पांघरल्यासारखं होतं. ते बिचारं श्वास घेणार कुठनं?"

चाचा आधी आमच्या फाउंड्रीत मशिनिस्ट होते. वडिलांशी काहीतरी बिनसलं म्हणून बाहेर पडले आणि गॅरेज टाकलं, पण माझ्यावरची माया कमी झाली नव्हती. मी तेवीस वर्षांचा होतो, एकुलता एक, आणि त्या वर्षी जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान गाडी माझी होती. ती चाचांमुळं वेगवान होती, हे मला कळत होतं, पण तोंडानं कधी म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळच्या फेरीत मी पहिला आलो. मार्टिन बारदेस्कर दुसरा. तो गडहिंग्लजचा, वयानं माझ्याएवढाच. त्याचे वडील सायमन एसटीत ड्रायव्हर होते. ड्यूटी संपवून खाकी कपड्यांवरच आले होते आणि मुलाची गाडी स्वतः पुसत होते. मार्टिनच्या गाडीला कान-बिन काही नव्हतं. बापलेकांनी पुढच्या मडगार्डला करवतीनं तीन खाचा पाडल्या होत्या, एवढंच. फेरी झाल्यावर मार्टिन हेल्मेट काखेत घेऊन आमच्या टेम्पोपाशी आला. माझ्याकडं बघून हसला आणि सरळ चाचांसमोर बसला.

"चाचा, हे तुम्ही डोक्यानं केलं का कुठं बघितलं?"

"उदबत्तीनं केलं," चाचा म्हणाले.

मार्टिननं सिलिंडरजवळ हात नेला, चटका बसेल एवढा जवळ. मग स्वतःच्या गाडीपाशी जाऊन तिथंही तसाच हात धरून आला. "लई फरक आहे हो. माझी तापलेल्या तव्यासारखी झालीय. पुढच्या खेपेला मला करून द्याल?"

"ये की गॅरेजवर. पत्रा घेऊन ये."

तो खूश होऊन गेला. सगळ्या मैदानात त्या कानांना न हसलेला तो एकटाच होता.

बाकी सगळे हसत होते. पहिल्या फेरीला मी रांगेत उभा राहिलो तेव्हाच दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं होतं, "गाढव आलं रे!" मग लाउडस्पीकरवरच्या निवेदकाला ते आवडलं. प्रत्येक वळणावर तो म्हणायचा, "आणि ही आली आपली कानवाली गाडी!" लोक टाळ्या पिटायचे. माझ्या कॉलेजची दहा-बारा मंडळी आली होती. त्यांच्यात एक मुलगी होती, जिच्यासाठी मी पांढरे हातमोजे विकत घेतले होते. तीसुद्धा दोन्ही हात कानांशी नेऊन हलवत होती. मी जिंकलो होतो आणि तरी हसं माझं झालं होतं.

टेम्पोच्या सावलीत भाकरी खाताना मी चाचांना म्हणालो, "शेवटच्या फेरीला कान काढूया."

त्यांनी घास थांबवला. "का?"

"डाव्या वळणावर गुडघ्याला लागतात. गाडी पुरती वाकवता येत नाही."

गुडघ्याला एकदा लागलं होतं, ते खरं. पण ते कारण मी भाकरी खाता खाता शोधून काढलं होतं.

"सकाळी लागलं नाही ते?"

"सकाळीच लागलं."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना लाउडस्पीकर माझ्याइतकाच ऐकू येत होता. "हे बघ जयसिंग. सकाळची फेरी सहा चकरांची होती, आता बारा आहेत. टँकरनं पाणी मारलंय, म्हणजे चिखल दुप्पट. वारा पाठीमागनं आहे. कान काढलेस तर आठव्या-नवव्या चकरेला पिस्टन धरंल, तापून सिलिंडरात अडकंल. धरलं की मागचं चाक जागेवर थांबतं. कुठं थांबंल ते तुझ्या हातात नाही."

"बरं," मी म्हणालो. "राहू देत."

त्यांनी हात धुतले, खिशातून टोपी काढली, सतरंजी घेतली आणि दुपारच्या नमाजासाठी टेम्पोच्या पलीकडं गेले. मला त्यांचे वाकणारे खांदे चाकांमधून दिसत होते.

एकेका कानाला दोन बोल्ट होते. दहा नंबरचा पाना समोरच पडला होता. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कान मी टेम्पोत पोत्याखाली सरकवले आणि चाचा सतरंजी गुंडाळायच्या आत गाडी ढकलत रांगेकडं निघालो.

सुरुवातीच्या रेषेवर आम्ही अठराजण होतो. मार्टिन माझ्या उजव्या हाताला. त्यानं खाली बघितलं, मग वर माझ्याकडं. त्याला नवल वाटलेलं दिसलं. काहीतरी बोलला, पण सगळी इंजिनं चालू होती आणि मला ऐकू आलं नाही. लांब दोरीपाशी चाचा येऊन उभे राहिले. डोक्यावर अजून टोपी होती, उन्हासाठी कपाळावर आडवा हात. एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार, असं मी स्वतःला सांगितलं. झेंडा पडला.

पहिल्या सात चकरा मी आयुष्यात चालवल्या नाहीत तशा चालवल्या. गाडी हलकी वाटत होती. लाउडस्पीकरवर कानांचं नाव नव्हतं, नुसतं माझं नाव होतं. मार्टिन माझ्या मागं दोन सेकंदांवर, प्रत्येक चकरेला तेवढाच, चिकटल्यासारखा. आठव्या चकरेला पायाला झळ लागायला लागली. बुटातून, पँटमधून, पोटरीच्या आतल्या बाजूला. लांब पट्ट्यावर वारा पाठीत होता आणि खरोखर बरं वाटत होतं. इंजिनाचा आवाज बदलला, किंचित कोरडा झाला. मला कळलं. चाचांनी मला तो आवाज शिकवला होता. तो ऐकला की ॲक्सिलरेटरची मूठ सोडायची, क्लच दाबायचा, बाजूला व्हायचं. मी मनात म्हटलं, अजून चारच चकरा.

मैदानाच्या टोकाला मोठं टेकाड होतं. मुरूम टाकून रचलेलं, दोन पुरुष उंच. चढावरून गाडी उडायची आणि पलीकडच्या उतारावर उतरायची. चढताना पलीकडचं काहीही दिसत नाही. प्रेक्षकही अलीकडच्याच बाजूला होते, कारण उडी तिथनं चांगली दिसायची. पलीकडं उताराच्या उजव्या हाताला खाणीतले काळे दगड पडलेले होते आणि डाव्या हाताला दोरी. धोक्याचा पिवळा झेंडा घेतलेला माणूस अलीकडं, चढाच्या खालच्या वळणावर होता. झालं ते इतक्या झटक्यात झालं की तो वर उभा असता तरी काही करू शकला नसता.

नवव्या चकरेला, चढाच्या अगदी शेवटच्या हातभर अंतरात, पिस्टन धरलं.

त्याचा आवाज होत नाही. लोकांना वाटतं काहीतरी फुटल्याचा आवाज होत असेल. आवाज थांबतो. मागचं चाक कुणीतरी खालून धरल्यासारखं अडकलं, पुढचा भाग खाली गेला, आणि मी हँडलवरून फेकला जाऊन उताराच्या बरोबर मधोमध पडलो. खांद्याचं हाड मोडल्याचं तेव्हा जाणवलं नाही. जाणवली ती शांतता. आणि त्या शांततेत, टेकाडाच्या चढावरून वर येणारा मार्टिनच्या गाडीचा आवाज.

पुढचं मी पोलिसांना सांगितलं ते असं: मी पडलेलो होतो, तोंड मातीकडं होतं, मागं काय झालं ते मला दिसलं नाही.

मार्टिनची गाडी टेकाडावरून उजवीकडं गेली आणि तो दगडांवर उतरला. त्याला जीपमधून नेताना सायमनकाका शेजारी बसले होते, मुलाचं डोकं मांडीवर धरून. ड्रायव्हरला ते सारखं सांगत होते, "सावकाश घ्या, खड्ड्यात आपटू देऊ नका." दुसऱ्या दिवशी सकाळी मार्टिन गेला.

तिसऱ्या दिवशी हवालदार आणि शर्यत भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी दवाखान्यात माझ्या खाटेपाशी आले. चाचा तिथंच स्टुलावर बसलेले होते. वडील खिडकीपाशी. सेक्रेटरींनी विचारलं, "सकाळी गाडीला ते पत्रे होते, शेवटच्या फेरीला नव्हते. कुणी काढले?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण चाचा आधी बोलले.

"मी काढले. पोराच्या गुडघ्याला लागत होते."

"तुम्हाला इंजिन तापायची कल्पना नव्हती?"

"होती. चुकलो."

हवालदारानं लिहून घेतलं. वडील चाचांकडं बघत राहिले. मग हवालदार माझ्याकडं वळला आणि मी माझं ते वाक्य सांगितलं, तोंड मातीकडं होतं ते. त्यानं तेही लिहिलं. खाली त्यानं निष्कर्ष लिहिला आणि सेक्रेटरींना वाचून दाखवला. पुढच्या गाडीचं इंजिन बंद पडलं, मागच्या चालकाचा हवेत ताबा सुटला. सेक्रेटरी म्हणाले, "नवखाच होता तो. मोठ्या टेकाडाची सवय नव्हती."

मार्टिन नवखा नव्हता. मी गप्प बसलो.

चाचा निघताना मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला, चादर सरळ केली आणि गेले. आम्ही त्यावर कधीही बोललो नाही.

क्लबनं चाचांना मैदानावर यायला बंदी केली. शर्यतीच्या गाड्या त्यांच्याकडं येईनाशा झाल्या, मग साध्या गाड्याही कमी झाल्या. जिच्यापायी माणूस मेला ती गाडी ह्यांच्या हातची, असं लोक म्हणायचे. त्यांनी गॅरेज बंद केलं आणि शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायला लागले. वडिलांनी त्यांना फाउंड्रीत परत बोलावलं, ते आले नाहीत. मी पुन्हा शर्यतीत उतरलो नाही. सगळे म्हणाले, पोरानं धसका घेतला. लग्न केलं, फाउंड्री सांभाळली. बाहेरून बघणाऱ्याला माझं सगळं ठीक होतं.

फक्त भट्टीला वारा घालणारा ब्लोअर. वीज गेली की ब्लोअर थांबतो आणि शेडमध्ये एकदम शांतता होते. कामगार घाम पुसतात, कुणीतरी बिडी पेटवतो. मी मात्र जागच्या जागी उभा राहतो आणि त्या शांततेच्या मागून दुसरं इंजिन चढत येतंय का ते ऐकतो. आणि ते येतं. बावीस वर्षांत एकदाही आलं नाही असं झालं नाही. मी डोळे मिटायच्या आत ते टेकाडावर पोचलेलं असतं. मग वीज येते, ब्लोअर सुरू होतो, आणि फोरमन विचारतो, "साहेब, बसता का जरा?"

बावीस वर्षांनी चाचांच्या मुलीचा, रेहानाचा, फोन आला. "अब्बांनी बोलवलंय. बोलणं अजून साफ आहे, पण फार दिवस राहील असं वाटत नाही."

मी त्याच दुपारी गेलो. चाचा पलंगावर उशीला टेकून बसले होते. रेहानानं चहा ठेवला आणि ती आत गेली.

मी कितीतरी वर्षं मनात घोकलेलं बोलायला लागलो. "चाचा, तुम्ही माझ्यासाठी त्या दिवशी जे..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "तुझ्यासाठी काही केलं नाही मी. तुला तसं वाटत असणार म्हणूनच बोलवलं."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मी दोरीपाशी आलो आणि मला दिसलं. कान नाहीत. झेंडा पडायला दोन मिनिटं होती, जयसिंग. सेक्रेटरी माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. नुसता हात वर केला असता तरी त्यानं शर्यत थांबवली असती."

"मग?"

"मला राग आला होता. चार महिने मी उदबत्तीचा धूर बघत बसलो आणि तू चार हसणाऱ्यांसाठी कान काढून टाकलेस. म्हटलं, धरू दे पिस्टन. एकदा सगळ्यांसमोर धरलं की शिकंल." त्यांना धाप लागली. थोडं थांबून ते म्हणाले, "तू काढलेस ते तुला कळत नव्हतं म्हणून. मला कळत होतं आणि मी बघत राहिलो. हवालदारानं विचारलं तेव्हा मी माझ्याच चुकीची कबुली दिली. तुझा काही संबंध नव्हता त्यात."

मला काय वाटलं ते अजूनही नीट सांगता येत नाही. बावीस वर्षं मी स्वतःला एका थोर माणसाचा अपराधी समजत होतो आणि त्यातसुद्धा एक आधार होता. तो त्यांनी काढून घेतला. आता आम्ही दोघं एकाच पायरीवर बसलेलो होतो.

"मी दरवर्षी गडहिंग्लजला जातो," चाचा म्हणाले. "सायमनरावांकडं. यंदा जमलं नाही. पहिल्याच वर्षी त्यांना सांगितलं, चूक माझी. माहीत आहे काय म्हणाले? म्हणाले, चाचा, तुमचं इंजिन बंद पडलं ते पडलं. इंजिनं बंद पडतातच. पण माझ्या पोराचा ताबा का सुटला? एकतीस वर्षं एसटी चालवली मी, एकदा ओरखडा नाही. त्याला सहाव्या वर्षी मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं. मी काय कमी शिकवलं त्याला, हे मला कोण सांगणार?" चाचांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "दरवर्षी तेच विचारतात. मला उत्तर माहीत नाही. मी अलीकडच्या बाजूला होतो. पलीकडं तू एकटाच होतास."

मी कपाकडं बघत राहिलो.

"तोंड खरंच मातीकडं होतं का रे?"

पोलिसांनी जे परत विचारलं नव्हतं, बायकोनं विचारलं नव्हतं, वडिलांनी मरेपर्यंत विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं. मी मान हलवली. नाही.

"मग मला सांगू नकोस," चाचा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "तिथं जाऊन सांग."

मी तिथनंच निघालो. दोन तासांचा रस्ता. गडहिंग्लजला चर्चच्या मागच्या गल्लीत घर सापडलं. अंगणात पपईचं झाड, पायरीवर स्वच्छ पुसलेल्या चपला. सायमनकाका व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. ऐंशीला टेकलेले, पण पाठ ताठ. मी नाव सांगितलं. त्यांनी समोरच्या बाकाकडं हात केला. ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

"काका, त्या दिवशी गाडीचे कान चाचांनी काढले नव्हते. मी काढले. चोरून. इंजिन माझ्यामुळं बंद पडलं."

"चाचा म्हणतात त्यांची चूक. तुम्ही म्हणता तुमची," ते म्हणाले. "ते तुमचं तुम्ही दोघं बघा." रागानं म्हणाले नाहीत. ज्या वाटेनं त्यांना जायचंच नव्हतं तिच्याबद्दल बोलल्यासारखे म्हणाले. मी माझं सगळ्यात जड ओझं त्यांच्यासमोर ठेवलं होतं आणि त्यांना ते उचलूनसुद्धा बघायचं नव्हतं.

"अजून एक आहे," मी म्हणालो. "मी पोलिसांना खोटं सांगितलं. मी त्याला बघितलं."

त्यांचे खुर्चीच्या हातावरचे हात आवळले गेले.

"मी उताराच्या मधोमध पडलेलो होतो. तोंड वर होतं. तो चढून आला, कडेवर आला, आणि त्याला मी दिसलो. तो जसा येत होता तसाच सरळ उडाला असता तर बरोबर माझ्या छातीवर उतरला असता."

"ब्रेक?"

"नाही मारला. मारला असता तर गाडी पुढं कोसळली असती, तो आणि गाडी दोन्ही माझ्यावर. त्यानं कडेवरच हँडल उजवीकडं घेतलं. अंग टाकलं उजवीकडं, आणि मूठ सोडण्याऐवजी आणखी पिळली, म्हणजे गाडी मला ओलांडून जाईल. इंजिनाचा आवाज वाढलेला मला ऐकू आला."

"हवेत?"

"हवेत गाडी सरळ होती. दोन्ही पाय पायदानावर, दोन्ही हात हँडलवर. माझ्यावरून जाताना त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी सुटलो का ते बघितलं. मग मान पुढं केली."

गल्लीतून एक रिक्षा गेली. मग सायमनकाकांनी विचारलं, आणि तो प्रश्न एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला विचारावा तसा होता:

"उजवीकडं काय आहे ते त्याला दिसत होतं?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. दया म्हणून खपलंही असतं.

"दिसत होतं, काका. सकाळपासून आम्ही सगळ्यांनी ते दगड बघितले होते. डावीकडं नुसती दोरी होती, पण मी पडल्यावर माझी गाडी त्याच बाजूला आडवी पडली होती. त्याला तेवढीच एक बाजू होती."

"म्हणजे ताबा सुटला नव्हता."

"नाही. खाली टेकेपर्यंत गाडी त्याच्या ताब्यात होती."

ते उठले. उठताना मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही, खुर्चीच्या आधारानं उठले. मला वाटलं आता मला निघून जायला सांगतील, आणि ते रास्त झालं असतं. पण ते दाराशी गेले आणि आतल्या अंधाराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली.

"रोझा. अगं रोझा, बाहेर ये जरा."

एक ठेंगणी म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. त्यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागं उभे राहिले, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून.

"सांगा," ते मला म्हणाले. "मला सांगितलंत तसंच. सावकाश सांगा, तिला थोडं कमी ऐकू येतं. चढावर आला, तिथनं सुरू करा."

मी बाक पुढं ओढला आणि मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.